घडीची घोडी

नानांनी आयुष्यात घडीच्या घोड्यांखेरीज दुसरी कोणतीही वस्तू बनविलेली नाही, हे विधान मी पूर्ण जबाबदारीने करीत आहे. आमच्या कॉलनीत याचे निरनिराळे पाठभेद प्रचलित आहेत. कोणी म्हणतो, त्यांनी एकदा पाट केला होता. कोणी देव्हाऱ्याचे नाव घेतो. पाट बाजारातला होता आणि देव्हारा माझा होता. नानांचे आणि माझे कुंपण एकच आहे, मी मराठीचा शिक्षक म्हणून निवृत्त झालो आहे, आणि ऐकीव माहितीवर बोलण्याची मला सवय नाही.

घोडी म्हणजे सुताराची. लाकडी पायांच्या दोन चौकटी, माथ्यावर बिजागऱ्या, आणि पाय फाकू नयेत म्हणून मधोमध दोरी. अशा दोन घोड्या समोरासमोर उभ्या करायच्या, वर फळी ठेवायची आणि करवत चालवायची. काम झाले की मिटून भिंतीला टेकवायच्या. धुळ्याच्या एका कचेरीतून कारकून म्हणून निवृत्त होऊन नाना जळगावला आले, तेव्हा त्यांना स्वयंपाकघरासाठी एक मांडणी करावयाची होती. मांडणीला फळ्या कापायच्या, तर घोड्या हव्यात. म्हणून त्यांनी एक जोडी केली. ती डुगडुगत होती, म्हणून तिच्यावर फळी टाकून दुसरी जोडी केली. मांडणी अद्याप व्हायची आहे.

घोड्या घडीच्या का, यावरही लोक वाटेल ते बोलतात. जागा नव्हती म्हणे! अंगण प्रशस्त आहे. फक्त ते नानांचे नव्हते, अक्कांचे होते. अक्का म्हणजे नानांच्या पत्नी. शिरपूरकडच्या, ठेंगण्या, आणि आवाजाने उंच. उन्हाळ्यात त्यांच्या बिबड्या, म्हणजे ज्वारीचे पापड, वाळू लागल्या की अंगणात पाय ठेवण्याची कोणाची छाती नसे. "आते बिबड्या येतीन. तुमन्या घोड्या मिटा," असा हुकूम सुटला की नाना मुकाट्याने बिजागऱ्या मिटीत. बाहेरच्यांनी मात्र घोडीवर कपडे वाळत घातलेले त्यांना चालत नसत. "घोडी शे ती, गाढव नही," असे म्हणून ते ओला टॉवेल परत मालकाच्या खांद्यावर ठेवीत.

नशिराबादच्या गृहस्थाचा प्रसंग तर पार विकृत करून सांगितला जातो. मी तेथे हजर होतो. गृहस्थ मोटारसायकल उभी करून म्हणाले, "नाना, तुमच्याकडे घोडी मिळते म्हणे. लग्नाला पाहिजे होती."

"मिळस ना," नाना म्हणाले. "वजन किती शे?"

"नवरदेव जरा अंगाने भरलेला आहे."

"बठू द्या. मनी घोडी हालत नही."

"वाजंत्रीवर नाचते का पण?"

नानांचा चेहरा कठोर झाला. "डुगडुगणारी घोडी मी दारात उभी करत नही."

यानंतर नानांनी त्यांना हाकलले, असे कॉलनीत सांगतात. साफ खोटे. त्यांना चहा दिला आणि घोड्यांची जोडीही दिली. लग्नात तिच्यावर भरताची पातेली मांडली गेली. नवरदेव पायी गेला, एवढे मात्र खरे.

आता मूळ वादाकडे येतो. नानांच्या सगळ्या घोड्या बुटक्या आहेत. त्यांवर काम करायचे तर माणसाला कमरेत दुमडावे लागते. नानांनी पहिलेच माप चुकीचे घेतले आणि हट्टाने तेच चालू ठेवले, हे कॉलनीचे सर्वमान्य मत. अक्का वारल्या, तरी घोड्या त्याच उंचीच्या होत राहिल्या. अंगणात बिबडी उरली नाही, तरी संध्याकाळी सगळ्या घोड्या मिटून भिंतीला लागत राहिल्या.

दिवाळीत त्यांचा मुलगा विलास पुण्याहून आला. बापाची वाकलेली कंबर त्याला बघवेना. नाना बाजारात गेलेले पाहून त्याने सुतार बोलावला आणि प्रत्येक पायाखाली ठोकळा ठोकून घेतला. हेतू चांगला होता. नाना परतले, त्यांनी घोड्यांकडे पाहिले, भाजीची पिशवी खाली ठेवली आणि करवत काढली.

बापलेकांचे तेव्हा कडाक्याचे भांडण झाले, असे म्हणतात. मी कुंपणापाशी होतो. भांडण झाले नाही.

"नाना, कंबर जाईल तुमची," विलास एवढेच म्हणाला.

"कंबर मनी शे," ठोकळा कापीत नाना म्हणाले. "उंची मनी नही."

हे वाक्य मला अपुरे वाटले. "मग कोणाची?" मी विचारले.

नानांनी कापून मोकळी केलेली जोडी उभी केली, वर फळी टाकली आणि मला आत बोलावले. "सर, जरा बठा बरं त्या टोकले."

मी बसलो. माझे गुडघे छातीला आले. नाना माझ्या पायांकडे बघत राहिले.

"करवतना आवाज उना का ती आपोआप ईसन बठे," ते म्हणाले. "फळी उचलाले नको म्हणीसन. लसूण सोले, वांगं चिरे, मले बोल लावे. तिना पाय बराबर टेकेत."

विलासने करवत घेतली. उरलेले ठोकळे त्यानेच कापले. फळीवर मी होतो.

सरांना नानांनी वजन म्हणून बसविले, असे आता कॉलनीत हसून सांगतात. मला हे मान्य नाही. वजनासाठी नानांच्या अंगणात पाटा पडून आहे. करवतीचा आवाज आला की मी स्वेच्छेने जातो. लसूण घेऊन जातो, आणि नाना वाकडे कापत असतील तर बोलतोही.

परवा त्यांनी मला उभे केले, माझ्या टाचेपासून गुडघ्यापर्यंत सुतळी धरली आणि तेथे गाठ मारली. नवी जोडी होते आहे, उंच. जुनी संध्याकाळी मिटून भिंतीला लागतेच.

नानांनी अखेर माप दुरुस्त केले, असे कॉलनीत बोलले जात आहे. ते खोटे आहे. माप पहिल्यापासून बरोबरच होते.