निडरग्रुंडाखचे टिपणीस काका

अमेरिकेतल्या आमच्या शॉमबर्गमध्ये आज बर्फ पडेल का, असं टिपणीस काकांना विचारलं तर ते फोन काढतात, चष्मा कपाळावरून खाली ओढतात आणि सांगतात, "निडरग्रुंडाखला दुपारनंतर उघडेल."

निडरग्रुंडाख हे जर्मनीतलं एक खेडं आहे. वस्ती चारशेच्या आत. काका आमच्या शेजारी, मुलाकडे, म्हणजे निखिलकडे राहतात. मूळचे सांगलीचे. पाटबंधारे खात्यात सर्व्हेअर होते. रिटायर झाले, मग काकू गेल्या, आणि निखिल त्यांना इकडे घेऊन आला. निखिल आणि त्याची बायको सकाळी सातला गाडी काढतात ते अंधार पडल्यावर परत येतात. मी घरून काम करते. त्यामुळे काका माझ्या वाट्याला आले, आणि त्यांच्याबरोबर ते गावही.

एकदा माझं किचन सिंक तुंबलं. काकांनी वाकून बघितलं.

"भौगोलिकदृष्ट्या बघता," ते म्हणाले, "तुझं सिंक निडरग्रुंडाखसारखं आहे. उतार कमी, आणि वरून येतं ते सगळं इथेच साचतं."

'भौगोलिकदृष्ट्या बघता' हे त्यांचं पालुपद. त्यानंतर माणसाने खुर्ची ओढून घ्यावी. मग कळतं की 'निडर'चा शौर्याशी संबंध नाही, निडर म्हणजे खालचं. वरचं ते ओबरग्रुंडाख. दोन्ही गावांमधून एकच ओढा वाहतो, उत्तरेकडून दक्षिणेकडे. फार पूर्वी एका उन्हाळ्यात वरच्यांनी बांध घालून पाणी अडवलं आणि खालच्यांची पिठाची गिरणी बंद पडली. त्याच सुमारास खालच्या गावाला आग लागली. विझवायला पाणी नाही. चर्च आणि सात घरं सोडून सगळं जळलं. पुढे रेल्वे आली तीही वरच्या गावाला.

"वरच्यांनी नेहमी असंच केलंय," काका म्हणायचे. आवाज असा, की प्रकरण अजून कोर्टात आहे आणि काका खालच्यांचे वकील आहेत.

गावात बेकरी एक, तीही आठवड्यातून चार दिवस उघडी. चर्चकडे जायला बत्तीस पायऱ्या. पश्चिमेला बीच नावाच्या झाडांचं जंगल, म्हणून हिवाळ्यात सूर्य लवकर बुडतो. हे सगळं काकांनी नकाशांवरून, उपग्रहाच्या फोटोंवरून आणि गावाच्या वेबसाइटवरून जमवलं होतं. शॉमबर्गमध्ये मात्र आमच्या घरापासून ग्रोसरीपर्यंत जायचं तरी ते रस्ता विचारायचे.

आमच्या मंडळाने गणपतीत काकांना दहा मिनिटं बोलायला दिली. सगळ्यांना वाटलं, धरणांवर बोलतील. काका निडरग्रुंडाखच्या आगीवर बोलले. पंचवीस मिनिटं. मागच्या रांगा मसालेभाताकडे सरकत गेल्या. शेवटी समोर बसलेल्या दहा-बारा वर्षांच्या एका मुलीने हात वर केला. "काका, have you actually been there?"

काकांनी कागदांची घडी घातली, खिशात ठेवली. "नाही," म्हणाले आणि खाली येऊन बसले. मी त्यांच्यासाठी ताट वाढून आणलं. त्यांनी भात चिवडला आणि तसाच ठेवला.

त्यानंतर काही दिवस ते चहाला आले नाहीत. आले ते हातात एक कागद घेऊन.

"एक ईमेल टाइप करून दे. निखिल बिझी आहे."

गावाच्या इतिहास समितीला पाठवायचं इंग्रजी पत्र होतं. "Respected Sir, I beg to state" अशी सुरुवात. मुद्दा असा, की वेबसाइटवर जुनी गिरणी ओढ्याच्या डाव्या काठावर होती असं लिहिलंय, ते चूक आहे. काठ ठरवताना प्रवाह येतो तिकडे नव्हे, जातो तिकडे तोंड करून उभं राहायचं असतं. म्हणजे गिरणी उजव्या काठावर. कृपया दुरुस्ती व्हावी.

"खाली तुमचं नाव टाकू?"

"नको. 'A well-wisher, U.S.A.' लिही. आणि तुझ्या अकाउंटवरून पाठव."

मला गंमत वाटली. मी पाठवून दिलं. आठवड्याने चक्क उत्तर आलं, स्वच्छ इंग्रजीत. हितचिंतकांचे आभार, दुरुस्ती केली आहे, समितीतल्या आजोबांना फार आनंद झाला. काकांनी ते उभ्यानेच वाचलं. मग दुसरं पत्र गेलं, बांधाच्या उंचीबद्दल. तिसरं, चर्चच्या पायऱ्यांबद्दल. दरवेळी "I beg to state," दरवेळी उत्तर. त्या महिन्यात काका दाढी रोज करायला लागले होते.

चौथं उत्तर आलं त्या सकाळी मी त्यांना फोन करून बोलावलं. इंग्रजी मजकूर नेहमीसारखाच होता. त्याखाली देवनागरीत चार ओळी होत्या. काका चष्मा घरी विसरले होते. म्हणाले, "तूच वाच."

मी वाचलं. "बाबा, इथे इंग्रजी पत्रांना उत्तरं मीच लिहिते. पहिल्या पत्राची पहिली ओळ वाचली तेव्हाच कळलं होतं. गिरणी पाडली, त्या जागेवर आमचं घर आहे. उजव्या काठावर. मुग्धा."

माझ्या दोन वर्षांच्या शेजारात मुग्धा हे नाव मी ऐकलेलं नव्हतं.

काकांनी टेबलावरची बशी पुढ्यात ओढली. मग सांगायला लागले, 'भौगोलिकदृष्ट्या' न म्हणता.

"निखिलहून मोठी. शिकायला गेली आणि तिथल्याच मुलाशी लग्न ठरवलं. मी म्हणालो, माझ्या घरचं कोणी येणार नाही. तिने आईसाठी तिकीट पाठवलं. मी तिलाही जाऊ दिलं नाही. नंतर ही आजारी पडली. पडल्या पडल्या विचारायची, कसं असेल हो मुग्धाचं गाव? डोंगर असेल का? पाणी जवळ असेल का? जन्मभर मी लोकांच्या जमिनी मोजल्या, आणि हिला एक गोष्ट सांगता आली नाही. नावसुद्धा धड येत नव्हतं मला. ही गेल्यावर शोधायला लागलो."

"काकू गेल्या तेव्हा मुग्धा आली नव्हती?"

"आली. दोन दिवस राहिली. मी मोजमापाचं बोललो तिच्याशी. विमान किती तासांचं, सामान किती किलो. बाकी काही सुचलं नाही."

मी चहा टाकला. म्हटलं, काका, उत्तर लिहू या. ते नको म्हणाले, मग हो म्हणाले, मग कागद मागितला. अर्धा तास बसले. दोनदा लिहून खोडलं. शेवटी कागद माझ्यापुढे सरकवला. त्यावर एकच शब्द राहिला होता. 'येतो.'

"अजून काही लिहायचं नाही?"

"नको. जास्त लिहिलं की मी चुका काढायला लागतो."

मी तो शब्द टाइप केला आणि पाठवला. काका खुर्चीच्या टोकावर बसून होते.

"पोचलं असेल?"

"पोचलं."

"आपले अकरा म्हणजे तिथे संध्याकाळचे सहा." त्यांनी मनाशी हिशेब केला. "ती किती वाजता घरी येते, ते मला माहीत नाही."

ते मलाही माहीत नव्हतं. माझी अकराची मीटिंग होती, ती मी कॅन्सल केली. चहा निवत गेला. बाहेर शेजाऱ्याने बर्फ उपसायचं यंत्र चालू केलं, मग बंद केलं. काका एकदा उठून निघाले, दारापर्यंत गेले आणि परत येऊन बसले.

पाऊण तासाने उत्तर आलं. त्यात दोनच शब्द होते. मी वाचून दाखवले.

"कोणत्या तारखेला?"

काकांनी दोन्ही तळहात टेबलावर पालथे ठेवले होते, कागद वाऱ्याने उडू नये म्हणून धरतात तसे. टेबलावर कागद नव्हता.

"पुन्हा वाच," ते म्हणाले.

मी पुन्हा वाचलं.