टकटकरावांचा नेहमीचाच पासवर्ड

टेबल हलवायचं ठरलं ते निव्वळ उजेडासाठी. टकटकरावांना नवा चष्मा लागला होता, आणि नव्या चष्म्यातून जुनाच अंधार बघायचा हा चष्म्याचा अपमान आहे, असं त्यांचं मत पडलं. (निवृत्तीनंतर त्यांना मतं फार पडू लागली होती. नोकरीत असताना ती साहेबांना पडायची.) तेव्हा स्वयंपाकघराच्या दारासमोरच्या कोपऱ्यातलं कॉम्प्युटरचं टेबल खिडकीखाली आलं. ताठ पाठीची लाकडी खुर्ची बाल्कनीत गेली आणि तिच्यावर कुंड्या बसल्या. खुर्चीच्या जागी लेकीने पाठवलेली चाकांची गुबगुबीत खुर्ची आली, जी माणूस बसला की सुस्कारा टाकून खाली जायची.

टकटकराव हे त्यांचं ऑफिसातलं नाव. उभी नोकरी टायपिस्ट म्हणून गेली, त्यामुळे बोटांना गप्प बसणं ठाऊक नव्हतं. जेवताना ताटाच्या काठावर, दवाखान्यात बाकावर, झोपेत उशीवर ती चालूच असत. अक्षरांच्या कळांकडे न बघता पानंच्या पानं काढणारा माणूस म्हणून त्यांचा लौकिक होता.

तर ते नव्या खुर्चीत बसले, खाली गेले, आणि मशीन सुरू केलं. पडद्यावर पासवर्डची चौकट आली. टकटकरावांनी बोटं ठेवली आणि सहज खाली पाहिलं. खिडकीतून लख्ख उजेड येत होता. इतक्या वर्षांत की-बोर्डवरची अक्षरं त्यांना पहिल्यांदाच नीट दिसली. किती सुबक होती! कौतुकाने बघता बघता त्यांच्या मनात आलं, यातलं पहिलं कोणतं बरं?

आणि तिथेच घात झाला. बोटं थबकली. डोक्याला विचारलं, तर डोकं म्हणालं, हे खातं माझ्याकडे कधीच नव्हतं.

काहीतरी टाकून पाहिलं. पासवर्ड चुकीचा. दुसरं टाकलं. चुकीचा. मग मशीनलाच दया आली आणि खाली एक ओळ उमटली. पासवर्ड आठवावा म्हणून स्वतः टकटकरावांनीच कधीतरी लिहून ठेवलेली खूण होती ती: ‘नेहमीचाच’.

"अगं, आपलं नेहमीचं काय असतं?" त्यांनी स्वयंपाकघराकडे तोंड करून विचारलं.

"वेंधळेपणा," आतून बायको म्हणाली.

तेही त्यांनी टाकून पाहिलं. मशीनने आता काही वेळ थांबा म्हणून तंबी दिली.

एरवी टकटकरावांनी हा प्रकार हसण्यावारी नेला असता. पण रविवारी लेक येणार होती, बोबडं बोलू लागलेल्या नातीला घेऊन. आणि त्या मशीनच्या पोटात लेकीचा स्वतःचा बोबडा आवाज होता. ती एवढीशी असताना टेबलावर चढून माइकमध्ये काहीबाही बडबडली होती, ते टकटकरावांनी जपून ठेवलं होतं. मधे मशीन बदललं तेव्हाही आधी तो आवाज नव्यात नेला होता. दुसरीकडे कुठेच त्याची प्रत नव्हती. ‘नातीला आईचं बोबडं ऐकवायचं’ असा बायकोने महिनाभर घोष लावला होता.

लेकीला फोन लागला. ती कॉम्प्युटरच्याच कंपनीत होती.

"बाबा, कॅप्स लॉकचा दिवा लागलाय का बघा."

"दिवा कशाला? खिडकीतून भरपूर उजेड आहे."

"की-बोर्डवरचा हो! बरं, भाषा इंग्रजीच आहे ना?"

"माझी?"

लेकीने खोल श्वास घेतलेला फोनवर ऐकू आला. दिवा बंद होता, भाषा इंग्रजी होती, मशीन ठणठणीत होतं. बिघाड होता तो माणसात. कोपऱ्यावरचा दुरुस्तीवाला येऊन बघून गेला आणि म्हणाला, "मला एवढंच जमेल काका, आतलं सगळं पुसायचं आणि नवं टाकायचं." टकटकरावांच्या तोंडचं पाणी पळालं. त्यांनी त्याला चहा पाजला आणि दाराला आतून कडी घातली, जणू तो खिडकीतून परत येऊन पुसून जाणार होता.

शनिवारी सकाळी बायको हात पुसत बाहेर आली आणि नवऱ्याकडे बघत उभी राहिली. तो दोन बोटांनी, जीभ बाहेर काढून, एकेक अक्षर शोधत होता.

"तुम्ही असं कधी टाईप करायचात?" ती म्हणाली. "तुमचं लक्ष कधी होतं त्या मशीनकडे? तुम्ही माझ्याकडे बघत माझ्याशी वाद घालायचात आणि हात आपले चालू असायचे. ते टेबल आधी जागेवर ठेवा."

टेबल कोपऱ्यात गेलं. कुंड्या उतरवून, माती झटकून लाकडी खुर्ची परत आली. टकटकराव ताठ बसले. समोर स्वयंपाकघराचं दार, डावीकडे चहा. बायको आत जाऊन उभी राहिली.

"हं, भांडते हां," ती म्हणाली. "अहो, ऐकलंत का? तुमचं घरात मुळीच लक्ष नसतं."

"हो ना, चुकलंच माझं," टकटकराव म्हणाले. पासवर्ड चुकीचा.

"असं गोड बोलाल तर कसं उघडेल?"

"तू तरी कुठे मनापासून भांडतेयस? पाठ केल्यासारखं म्हणतेस!"

"म्हणजे आता माझंच चुकलं! टेबल हलवा म्हणून मी सांगितलं होतं का? आणि माझी गुलाबाची कुंडी कोणी फोडली आत्ता?"

"फुटली नाही, कडेला जरा टवका उडालाय!"

"टवका? अर्धी कुंडी गेली! तीस वर्षं हेच ऐकतेय. भिंतीचा टवका, कपाचा टवका..."

"कप तुझ्या भावाने फोडला होता!"

"माझ्या माहेरच्यांना मधे आणायचं नाही!"

टकटक टकटक, टक. मशीनने छोटंसं संगीत वाजवलं आणि पडदा उघडला. कुंडीचा हिशेब तसाच राहिला.

बायको येऊन त्यांच्या खांद्यामागे उभी राहिली. त्यांनी तो आवाज लावला. "बाबा, मी मोथी झाले," लेक सांगत होती, "मी ऑफीतला जानाल." तिच्या मागे टकटक ऐकू येत होती आणि त्याच्याही मागून, स्वयंपाकघरातून, एक तरुण खणखणीत आवाज येत होता, "अहो, ऐकलंत का? चहा गार होतोय!" त्या घरात तेव्हा किती गडबड होती! टकटकरावांना फार भरून आलं. ती सकाळ परत हवी, असं त्यांना अगदी लहान मुलासारखं वाटलं. बायकोने पदर डोळ्यांना लावला आणि आवाज पुन्हा लावायला सांगितला. तो त्यांनी पुन्हा लावला, आणि मग आणखी एकदा.

"आता पासवर्ड काय आहे तो बघून ठेवा," भानावर येत ती म्हणाली. "रोज कुठून कुंड्या आणू?"

टकटकरावांनी पडद्यावर कोरं पान उघडलं आणि डोळे मिटले. बायकोने माहेरचा विषय जिथे सोडला होता तिथून उचलला. बोटं धावली. त्यांनी डोळे उघडायच्या आत ती वाकून वाचू लागली. स्वतःचं नाव दिसेल अशी थोडी आशा तिला असावी, निदान लेकीचं तरी. पानावर इंग्रजीत लिहिलं होतं, ‘युअर्स ओबिडियंटली’.

"म्हणजे आपला आज्ञाधारक," टकटकराव ओशाळून म्हणाले. "साहेबांच्या प्रत्येक पत्राखाली असायचं ना. बोटांना सवय."

बायकोने कमरेवर हात ठेवून ती ओळ पुन्हा एकदा वाचली.

"हा पासवर्ड आजच्या आज बदला," ती म्हणाली.

"अगं, का? एवढ्या मुश्किलीने सापडला!"

"सापडला खरा," बायको म्हणाली, "पण माझ्या घरात इतकं धडधडीत खोटं रोज सकाळी उठून लिहायचं नाही."