अस्वलआजोबांच्या छातीचा फोटो

एका जंगलात, बाळांनो, सगळे प्राणी आपापल्या मरणाने मरत असत. मग तिथे डॉक्टर घुबडे आले. येताना छातीचा फोटो काढायचं यंत्रही घेऊन आले.

त्या जंगलात अंबोजी नावाचे म्हातारे अस्वल राहत होते. आडवं झालं की त्यांना दम लागे. पाय सुजून खांब झाले होते. आजोबांना फार काही नको होतं. एकदा पाठ टेकून झोप लागावी, एवढंच. सुनेने त्यांच्या गळ्यात चांदीचा ताईत बांधला. गुण येईना, तेव्हा मुलाने त्यांना घुबडेंकडे नेलं.

"श्वास घ्या. आता रोखून धरा," घुबडे म्हणाले. ताईत केसांत दडला होता. तो काढायला कुणी सांगितलं नाही.

फोटोत छातीवर पांढराशुभ्र ठिपका उमटला. घुबडेंचे डोळे आणखी गोल झाले.

"गाठ! हृदयही फुगलंय, फुफ्फुसांत खाली पाणी दिसतंय. पण ते सोडा, वयोमान आहे. खरी भानगड या ठिपक्याची."

"डॉक्टर, तो ताईत..."

"आजोबा, तुम्ही बोलू नका. फोटो बोलतोय."

"अहो, पण झोपताना मला दम..."

"बाबा, गप्प बसा हो! त्यांना कळतं," मुलगा खेकसला.

घुबडेंनी कडू पूड दिली, मध बंद केला आणि वर भरपूर पाणी प्यायला सांगितलं. आजोबा मुकाट्याने पाणी पीत राहिले आणि झाडाला टेकून धापा टाकत राहिले.

पुढच्या खेपेला जाताना त्यांनी चिडून ताईत झुडपात भिरकावला. फोटोतला ठिपका गायब! पाणी वर चढलं होतं, हृदय आणखी फुगलं होतं. म्हणजे वयोमानही जरा वाढलं होतं.

"गाठ विरघळली!" घुबडे ओरडले. त्यांना शाल-श्रीफळ मिळालं. जंगलभर पेढे वाटले गेले.

"अरे, ताईत मी फेकला..." आजोबा धापा टाकत सांगत होते.

"म्हातारं चळलं," म्हणत मुलाने त्यांच्या तोंडात पेढा कोंबला. सांगताना माझाच जीव जळतो, बाळांनो.

थोड्याच दिवसांत आजोबा बसल्या जागी गेले. पाठ जमिनीला टेकली ती त्यानंतरच.

तेराव्याला हार घालायला फोटो हवा होता. आजोबांचा दुसरा फोटोच नव्हता. मग सुनेने तो छातीचाच, बिनठिपक्याचा, भिंतीवर टांगला आणि त्याला हार घातला. येणारा-जाणारा थांबून म्हणे, "काय ठणठणीत म्हातारा होता हो!"

तात्पर्य: म्हातारपणी दम लागतो म्हणून कुरकुर करू नये. फोटो चांगला यायला श्वास रोखावाच लागतो.