लग्न लावणारी रेकॉर्ड

मुलीच्या लग्नात भोजराजने बेंजोला हात लावायचा नाही, ही अट व्याह्यांनी सुपारी फोडतानाच घातली होती. व्याही म्हणजे लालबर्ऱ्याचे मोतीलाल, मानपानाचे भारी शौकीन. "इवाई, माहे पावणे मोठे लोकं हायेत," ते म्हणाले. "पोरीचा बाप गळ्यात बेंजो अडकवून वाजवून राह्यला, असं त्याइले दिसलं तं मी तोंड कुठी लपवू?"

भोजराज "हौ" म्हणाला खरा, पण मनातून पार खचला. वैनगंगा बेंजो पार्टीचा तो मास्तर. हातगाडीवरच्या भोंग्याला वायरने जोडलेला त्याचा बेंजो, पुनारामचा ढोल आणि फकिराची क्लॅरिनेट यांनी बालाघाट जिल्ह्यातली निम्मी लग्नं लावली होती. त्यात त्यांची बिदाईची धून म्हणजे कहर. ती सुरू झाली की नवरीची आई राहू द्या, मंडपाचे बांबू सोडायला आलेला माणूससुद्धा डोळे पुसत बसायचा. आणि स्वतःच्या अंजनाच्या बिदाईला मात्र हा हाताची घडी घालून उभा राहणार!

मग त्याला रेकॉर्ड आठवली. आयुष्यभर वाजवून केस पिकल्यावर गेल्या साली पार्टीची पहिलीवहिली रेकॉर्ड निघाली होती. कंपनीच्या लोकांनी आधी तिघांना नागपूरला बंद खोलीत बसवून पाहिलं, पण समोर लग्न नाही म्हटल्यावर तिघांचेही हात चालेनात. शेवटी कंपनीच आपलं यंत्र घेऊन खैरलांजीच्या एका खऱ्या लग्नात आली आणि जे कानावर पडलं ते सगळं तिने भरून घेतलं. आधी वरातीची धून, मग भटजींची मंगलाष्टकं, त्यानंतरचा दणका आणि शेवटी बिदाई. सगळं एकाच बाजूला, सलग. भोजराजने ठरवलं, आपण नाही वाजवायचं, रेकॉर्ड वाजवेल. वचनही राहील आणि हौसही भागेल.

"वऱ्हाड दारात आलं का सुई ठेव," त्याने लाउडस्पीकरवाल्या हिरालालला बजावलं. "वरातीची धून झाली का उचल. समजलं?"

"समजलं ना, मास्तर. मी का नवा हाओ?"

लग्नाच्या दिवशी संध्याकाळ झाली, मुहूर्त जवळ आला, पण वऱ्हाडाच्या बसचा पत्ता नव्हता. वाट पाहून भोजराज पाहुण्यांना सोडून लालबर्ऱ्याच्या रस्त्यावर जाऊन उभा राहिला. इकडे मंडपात पाहुणे पत्रावळींनी वारा घेत कंटाळून गेले होते. त्यांची करमणूक व्हावी म्हणून हिरालालने रेकॉर्डवर सुई ठेवली आणि तो चहा प्यायला गेला.

रस्त्यावर उभ्या भोजराजच्या कानावर आधी वरातीची धून आली. वऱ्हाड दुसऱ्या रस्त्याने आलं की काय, असा विचार त्याच्या मनात येतो न येतो तोच मंगलाष्टकं सुरू झाली. पोटच्या पोरीचं लग्न लागतंय आणि बाप रस्त्यावर! मग "शुभमंगल सावधान" कडाडलं, त्यामागून त्याचाच बेंजो दणाणला, आणि सगळा प्रकार ध्यानात येताच भोजराज धोतर सावरत पळत सुटला.

मंडपात जे व्हायचं ते होऊन गेलं होतं. लग्नात मागे बसलेल्यांना बोहलं कधी दिसतं? त्यांचं लग्न कानांनीच लागतं. मागच्यांनी अक्षता टाकल्या, त्या पाहून पुढच्यांनी टाकल्या. रिकाम्या पाटाशेजारी पान लावत बसलेले भटजी तांदळाने पांढरे झाले. अक्षता पडल्या की पंगत, हे लहान पोरालाही माहीत. पाहुणे बसले, वाढपी धावले, आणि भोजराजने धापा टाकत सुई उचलली तेव्हा बिदाईचीही धून अर्धी होऊन गेली होती.

"थांबवा! नवरदेव यायचाच हाये अजून!" तो ओरडला.

"हळू बोला जी," बायको गोदाबाई डोळ्यांत पाणी आणून म्हणाली. "लोकायनं भातात हात घातला. पत्रावळीवरून पावणा उठवता का आता?"

ते तर शक्यच नव्हतं. भोजराज स्वतःच्या डोळ्यांनी वऱ्हाडाची बुंदी संपताना पाहत राहिला. आतल्या खोलीत याहून भयंकर चाललं होतं. ती धून कानी पडल्यावर बायका डोळ्यांना विचारत बसत नाहीत. मावशी जिजाबाईने अंजनाच्या गळ्यात पडून हंबरडा फोडला होता, तिच्यामागे साऱ्या आळीने.

"अवं मावशी, आधी लग्न तं लागू दे माह्यं!" अंजना गुदमरून सांगत होती.

नेमकी तेव्हा बस आली. मोतीलाल फेटा सावरत ऐटीत उतरले आणि जागीच थबकले. स्वागताला वाजंत्री नाही, निम्मे पाहुणे ढेकर देत घरी निघालेले, आणि आतून बायकांचं रडणं. त्यांनी घाबरून फेटा काढून हातात घेतला.

"इवाई, कोन गेलं हो?"

"कोनी नाई गेलं जी. अंजना गेली."

"कुठी?"

"तुमच्या घरी!"

सगळं समजून घ्यायला मोतीलालना बराच वेळ लागला. गोदाबाईने पुन्हा चूल पेटवली, नवरदेवाला बोहल्यावर उभं केलं आणि भटजींनी डोक्यातले तांदूळ झटकून खरी मंगलाष्टकं म्हटली. पण शेवटच्या "सावधान"ला एकही अक्षता पडली नाही. एकदा फसलेले पाहुणे भोंग्याकडे संशयाने पाहत बसले होते. वाजंत्रीचाही पत्ता नव्हता.

"लागलं का लग्न?" मोतीलालनी भटजींना विचारलं.

"माझ्याकडून तं लागलं."

"वाजल्याबिगर कसं लागीन?" मोतीलाल कासावीस झाले. हिरालालने रेकॉर्डकडे हात नेला तसा सारा मंडप त्याच्यावर ओरडला. "इवाई, पाहून काय राह्यले? वाजवा!" मोतीलाल भोजराजला म्हणाले.

"पन तुम्हीच तं म्हनलं होतं..."

"मी म्हनलं ते काय रेकाडीत भरून ठेवलं हाये? वाजवा!"

भोजराजने बेंजो गळ्यात अडकवला. नवं धोतर नेसलेला पुनाराम ढोलाशी धावला, फकिराने क्लॅरिनेट काढली, आणि असा दणका उडाला की घरी निघालेले पाहुणे परत फिरले.

मग बिदाई आली. भोजराजने डोळे मिटून, साऱ्या जन्माची माया बोटांत आणून धून छेडली. डोळे उघडून पाहतो तर कोणी रडत नव्हतं! जिजाबाई जांभई देत होती. बायकांचं रडणं मघाशीच रेकॉर्डवर खर्च होऊन गेलं होतं. इतक्या परक्या पोरींना रडवून सासरी धाडलं आणि आपली पोर कोरडीच चालली.

तेवढ्यात बाजूने हुंदका आला. मोतीलाल भोंग्याला टेकून खाली बसले होते आणि फेट्यात तोंड खुपसून लहान मुलासारखे रडत होते. "अजून एक डाव, इवाई," ते म्हणाले. भोजराजने आणखी एकदा वाजवली. मग आणखी एकदा. बसवाला हॉर्न देऊन थकला.

शेवटी बसमध्ये जाऊन बसलेली अंजना खाली उतरली, बापाच्या पाया पडली आणि सासऱ्याचा हात धरून म्हणाली, "मामाजी, उठा आता. घरी जायचं नाई का?"