डाव्या मोज्याचं भोक

राष्ट्र किती पुढारलेलं आहे हे त्याला किती स्पष्ट दिसतं यावरून ठरतं. काय दिसतं हा प्रश्न वेगळा आहे आणि तो दुसऱ्या खात्याकडे आहे. आमच्या दूरचित्रवाणी स्पष्टता महामंडळाकडे फक्त स्पष्टतेचं काम होतं, आणि ते आम्ही इतकं चोख केलं की आज देशात कुणाला काही दिसत नाही असं घर उरलेलं नाही.

जुन्या काळी टीव्हीत मुंग्या यायच्या हे वाचकांना आठवत असेल. बातम्या सांगणाऱ्या बाईंच्या मागे आणखी एक बाई दिसायच्या, त्यांच्या मागे आणखी एक, आणि तिघी मिळून एकच बातमी सांगायच्या. घरातला एक माणूस कायम गच्चीवर अँटेना धरून उभा असायचा आणि "आलं का?" एवढंच विचारायचा. ही लाजिरवाणी परिस्थिती संपवण्यासाठी सरकारने देशभर मनोरे उभारले, त्यांवरून एचडी डिजिटल प्रक्षेपण सुरू केलं, आणि प्रत्येक घराला नवी अँटेना आणि टीव्हीला जोडायचा एक डबा सवलतीत दिला. (सवलत डब्यावर होती. अँटेनावर नव्हती. वायर ज्याची त्याने आणायची होती.) पूर्वी पडद्यावर जिथे एक ठिपका मावायचा तिथे आता पाच मावू लागले. ठिपक्यांची इतकी चांगली सोय यापूर्वी कुठल्याही सरकारने केली नव्हती.

एवढं झाल्यावर लक्षात आलं की दाखवायला काही नाही. मनोरे आमच्याकडे होते, कार्यक्रम दुसऱ्या खात्याकडे. त्या खात्याने कळवलं की जुने कार्यक्रम नव्या प्रक्षेपणात पाहवत नाहीत, नवे करायला मंजुरी नाही, आणि मंजुरी देणारे गृहस्थ रजेवर आहेत. आमच्या संचालकांनी हात टेकले नाहीत. त्यांनी कार्यालयामागच्या बागेत कॅमेरा लावला आणि एक चाचणी-फीत काढून घेतली. एक तळं, सात बदकं, एक वाकलेलं झाड. तीच फीत सकाळपासून रात्रीपर्यंत पुन्हा पुन्हा दाखवायची असं ठरलं.

चित्रीकरणाच्या वेळी कॅमेरामनने शंका काढली होती की मागे झाडाखाली बाकावर कुणीतरी बसलंय, त्याला उठवू का. संचालक म्हणाले, "राहू दे. एवढ्या लांबचं कोणाला दिसतंय?" देशातल्या सर्वांत स्पष्ट प्रक्षेपणाच्या प्रमुखाचे हे उद्गार आहेत. मोठी माणसं स्वतःच्या कामाबद्दल अशीच विनम्र असतात.

फीत लोकांना फार आवडली. पहिल्याच आठवड्यात बदकांनी सगळ्या मालिकांना मागे टाकलं. (मालिकांच्या निर्मात्यांनी आकडेवारीवर हरकत घेतली. बदकांनी घेतली नाही.) पाहणीत शंभरातल्या एकसष्ट प्रेक्षकांनी सांगितलं की कथानक चांगलं आहे. अकरा जणांनी सांगितलं की शेवट आधीच कळतो, पण तरी बघावंसं वाटतं. चौथं बदक बाकीच्यांशी फटकून वागतं आणि त्याला घरचं वळण नाही, यावर सुशिक्षित घरांतून वाद झाले.

आता बाकावरच्या इसमाकडे वळू. तो आमच्याच महामंडळातला आवक-जावक कारकून होता. आलेल्या पत्रांवर शिक्का मारून ती आत पाठवायची आणि आत कुणी न वाचलेल्या पत्रांवर दुसरा शिक्का मारून ती बाहेर पाठवायची, हे काम तो वर्षानुवर्षं बिनतक्रार करत होता. दुपारी तीन वाजले की तो टायपिस्टबाईंना "आलोच" म्हणून सांगायचा आणि तासाभराने यायचा. घरी त्याने सांगून ठेवलं होतं की तीन ते चार प्रक्षेपणाची मीटिंग असते, फोन करू नये. म्हणजे कार्यालयाला वाटायचं तो चहाला गेलाय आणि घराला वाटायचं तो राष्ट्र चालवतोय. एका माणसाबद्दल दोन ठिकाणी चांगलं मत असणं ही सोपी गोष्ट नाही.

फितीत तो बूट काढतो, पाय बाकावर घेतो, डाव्या मोज्याच्या भोकातून बाहेर आलेला अंगठा जरा हलवतो, आणि हसतो. एवढंच. तो बदकांना हसत नाही. (आमच्या समितीने नंतर तपासलं. त्या क्षणी बदकं हसण्यासारखं काही करत नव्हती.)

कर्मचाऱ्यांना डबे आधी मिळाले, त्यामुळे त्याच्या घरी फीत पहिल्या दिवसापासून सुरू होती. गुडघे दुखतात म्हणून त्याच्या सासूबाई लेकीकडे राहायला आल्या होत्या. त्यांना दुसरा उद्योग नव्हता आणि नजर मात्र तेज होती.

"अगं, हे आपले जावईबापू ना?" त्या म्हणाल्या.

"काहीतरीच काय, आई. ते मीटिंगमध्ये असतात," कारकुनाची बायको स्वयंपाकघरातून म्हणाली.

"मग बुटाचे बंद न सोडता टाचेने बूट ढकलून काढायची सवय आणखी कुणाला आहे? आणि मोज्याला भोक बघ केवढं. लोक काय म्हणतील, हिच्या आईने हिला सुईदोरा शिकवला नाही."

बायको हात पुसत बाहेर आली. फीत संपून पुन्हा सुरू झाली. तिने ती उभ्याने चारदा पाहिली आणि आत जाऊन कणीक मळली. त्या दिवशी पोळ्या फार मऊ झाल्या होत्या, असं सासूबाईंनी नंतर आमच्या निरीक्षकांना सांगितलं.

संध्याकाळी कारकून घरी आला.

"झाली मीटिंग?" बायकोने विचारलं.

"झाली."

"कोण कोण होतं?"

"सगळे होते."

"बदकंसुद्धा?"

यावर कारकुनाने काय उत्तर दिलं याची नोंद नाही. सासूबाईंनी आवाज वाढवला होता, पण टीव्हीचा.

इकडे महामंडळापुढे वेगळीच अडचण होती. स्पष्टता निरीक्षक घरोघरी जाऊन "चित्र स्पष्ट दिसते काय?" असं विचारत, आणि लोक "हो" म्हणत. ज्यांच्या घरी अँटेना उलटी लावली होती तेही हो म्हणत. ज्यांच्या घरी टीव्हीच नव्हता अशा तीस हजार कुटुंबांनीही चित्र उत्तम असल्याचं सांगितलं. (सरकारी माणसाला नाही म्हणून कोण ओढवून घेणार?) तेव्हा एका तंत्रज्ञाने सुचवलं की बाकावरच्या माणसाचा अंगठा दिसला तर सिग्नल पक्का, न दिसला तर अँटेना फिरवा. सूचना इतकी साधी होती की ती मान्य व्हायला दोनच समित्या लागल्या. प्रश्न बदलून असा करण्यात आला: "बाकावरील इसमाच्या मोज्यास भोक आहे काय? असल्यास कोणत्या पायाच्या?"

अशा रीतीने आवक-जावक कारकुनाच्या डाव्या पायाचा अंगठा हे स्पष्टतेचं राष्ट्रीय मानक झालं. गावोगावी गच्चीवरचा माणूस आता "आलं का?" ऐवजी "अंगठा आला का?" असं विचारू लागला. निरीक्षकांना उत्तरासोबत इतर मतंही ऐकावी लागत. भोक डाव्यालाच आहे, पण माणूस कामचुकार दिसतो. भोक आहे, पण बायको लक्ष देत नसणार. भोक आहे, आणि असा हसतोय म्हणजे बाहेर काहीतरी भानगड आहे. ज्यांना पूर्वी बातम्या सांगणाऱ्या तीन-तीन बाया दिसायच्या, त्यांना आता माणसाचं अंतरंग दिसू लागलं. तंत्रज्ञानाची झेप म्हणतात ती ही.

संचालकांनी कारकुनाला बोलावलं.

"कार्यालयीन वेळेत तुम्ही बाकावर बसलेले दिसता."

"हो साहेब."

"रोज?"

"पाऊस नसला की रोज."

खरं तर निलंबनाचा आदेश टाईप होऊन तयार होता. पण कायदा विभागाने बोट ठेवलं की हा इसम दोषी ठरला तर राष्ट्रीय मानकात गैरवर्तन आहे असं होईल, आणि ते मानक मंजूर करणाऱ्या दोन्ही समित्यांची चौकशी लागेल. समित्यांवर कोण होतं हे संचालकांना चांगलं माहीत होतं, कारण ते दोन्हींचे अध्यक्ष होते. त्यामुळे कारकून पूर्वलक्षी प्रभावाने कर्तव्यावर होता असं ठरलं. त्याला रोज तीन ते चार त्याच बाकावर, त्याच मोज्यासह बसण्याचा हुकूम मिळाला. मोजा रफू करायला मनाई करण्यात आली. बायकोने तो आदल्याच दिवशी रफू केला होता, तेव्हा निरीक्षक पाठवून टाके उसवून घेतले. (टाके बारीक आणि सुबक होते असा शेरा निरीक्षकाने स्वतःहून दिला. सासूबाईंनी त्याची प्रत मागून घेतली.)

आणि मग लोक बागेत येऊ लागले. कुटुंबं येत, शाळांच्या सहली येत. "काका, अंगठा हलवा ना." "साहेब, तेव्हा नेमका काय विचार करत होतात?" "नोकरी करता की असेच बसता?" कारकून पाय बाकावर घेऊन बसायचा आणि घड्याळाकडे बघायचा. आयुष्यात पहिल्यांदा त्याला चार कधी वाजतात असं झालं होतं, आणि चार वाजता तो कार्यालयात धावत जायचा, ही गोष्ट महामंडळाच्या इतिहासात नमूद करण्यासारखी आहे.

दुसऱ्या टप्प्यात अधिक स्पष्ट प्रक्षेपण यायचं होतं, त्यात आवाजही स्पष्ट असणार होता. फीत पुन्हा काढायचं ठरलं. तळं तेच, बदकं तीच (चौथं हजर झालं नाही), बाक तोच, भोक तेच. फक्त कारकुनाला हसू येईना. विनोद सांगून पाहिले. बढतीचं आमिष दाखवलं. संचालकांनी स्वतः बूट काढून प्रात्यक्षिक केलं. ओठ हलायचे, पण ते दातांच्या डॉक्टरसमोर हलतात तसे. शेवटी तज्ज्ञ म्हणून त्याच्या बायकोला बोलावण्यात आलं.

"घरी ते कशाने हसतात?" संचालकांनी विचारलं.

"घरी ते हसत नाहीत," ती म्हणाली. "त्यांना हसता येतं हे मला टीव्हीवर कळलं. सगळ्या देशाला कळलं त्याच दिवशी."

हे ऐकून संचालक बदकांची व्यवस्था बघायला निघून गेले. मी प्रसिद्धी विभागाचा उपसंचालक म्हणून तिथेच होतो. मला त्या बाईचं वाईट वाटलं. तशी तरतूद नसल्याने मी ते कुठे मांडलं नाही.

ती जाऊन बाकावर नवऱ्याशेजारी बसली. माईक सुरूच होता. दुसऱ्या टप्प्यातला आवाज खरोखर उत्तम आहे, त्यामुळे पुढचं सगळं आम्हाला शब्द न् शब्द ऐकू आलं.

"कोण होती?" तिने विचारलं. "खरं सांगा. मी रडणार नाही."

"कुणी नव्हतं गं."

"मग हसत कशाला होतात?"

"कुणी काही विचारत नव्हतं म्हणून," तो म्हणाला. "तिथे पत्रं कुठे गेली विचारतात, इथे भाजी का नाही आणली विचारतात. त्यांचंही चूक नाही, तुझंही नाही. पण या बाकावर मला एक तास कुणी काही विचारत नव्हतं."

"मला सांगायचं होतंत."

"सांगितलं असतं तर तू विचारलं असतंस."

तिने ते नाकारलं नाही. तिने चपला काढल्या आणि पाय बाकावर घेतले.

"मी रोज चारला गच्चीवर जाते," ती म्हणाली. "कपडे काढायला."

"माहितीये."

"कपडे मी दोनलाच काढून घड्या घातलेल्या असतात."

कारकुनाने तिच्याकडे पाहिलं.

"टाकीच्या मागे बसते. आईला वाटतं ऊन लागतं म्हणून मी लाल होऊन येते. मी तिथे गाणी म्हणते. म्हणजे म्हणत होते. आता तुमच्या महामंडळाची माणसं दिवसभर गच्चीवर अँटेना फिरवत असतात आणि मला विचारतात, ताई, अंगठा आला का."

आणि तो हसला. तीही हसली. दोघंही इतकी हसली की बदकं तळ्याच्या पलीकडे गेली. कॅमेरामनने सगळं टिपलं. मी आजवर पाहिलेलं ते सर्वांत स्पष्ट चित्र होतं. संचालकांनी ते नामंजूर केलं, कारण मानकात इसम एकच आहे आणि इथे दोन होते, शिवाय चार पायांत भोक कुठलं धरायचं यावर निरीक्षकांत मतभेद झाले असते.

कारकुनाला कर्तव्यमुक्त करून परत शिक्क्यांवर बसवलं. तीन वाजले की तो "आलोच" म्हणतो आणि जातो. बायकोही आता चारऐवजी तीनला घरातून निघते. ती दोघं एकाच ठिकाणी जातात की वेगवेगळ्या, हे महामंडळाला अद्याप समजलेलं नाही. देशभराच्या कामात राहून गेलेली ही एकच त्रुटी आहे आणि ती आम्ही प्रामाणिकपणे कबूल करतो.

मात्र या सगळ्यातून आम्ही एक धडा घेतला. कॅमेरा आहे हे माहीत असलं की माणूस हसत नाही. त्यामुळे दुसऱ्या टप्प्याची फीत कुणालाही न सांगता घेण्यात आली. कॅमेरे जिन्यांच्या वळणावर लावले, दवाखान्यांच्या मागच्या दाराशी, वाचनालयाच्या शेवटच्या कपाटाआड, आणि इमारतींखाली, जिथे माणसं गाडी बंद करतात आणि वर घरी न जाता काचा वर करून तशीच आत बसून राहतात. आम्हाला एक इसम हवा होता. इतके निघाले की निवड करणाऱ्या समितीला मुदतवाढ द्यावी लागली.

नवी फीत एक तारखेपासून दाखवली जाईल. ती सहकुटुंब बसून पाहावी, असं महामंडळाचं आवाहन आहे. निवडलेल्या इसमांना आधी कळवायचं नाही असा नियम आहे आणि मी तो मोडणार नाही. वाचक या नात्याने तुम्हाला एवढंच सांगतो की, तुम्ही हसताना चांगले दिसता. तुमच्या घरच्यांनी ते अजून पाहिलेलं नसावं.