इंजिनाखालचं रबर

आमचे शेजारी घरतकाका घरी आले की आधी फ्रिजवर तळहात ठेवतात, मग खुर्चीत बसतात. रोह्याच्या एका कारखान्यात त्यांनी तीस वर्षं यंत्रं दुरुस्त केली. निवृत्त होऊन पेणला आले, तरी त्यांची शिफ्ट काही संपलेली नाही. माझी बायको चहा घेऊन आली की म्हणतात, "मीना, फ्रिजचा डावा पाय उचललाय. मशीन खोटं बोलत नाय."

माणसांबद्दल मात्र त्यांना फारसं कुतूहल नसावं. माझं ऑपरेशन झालं तेव्हा भेटायला आले, पंख्याचा आवाज ऐकत दहा मिनिटं बसले आणि गेले.

दिवाळीनंतर त्यांची जुनी गाडी थरथरायला लागली. चालताना ठीक, पण उभी राहिली की स्टिअरिंगपासून सीटपर्यंत सगळं हलायचं. इंजिन ज्या रबरी माउंटिंगवर बसतं, ती फाटली होती. वडखळचा गॅरेजवाला म्हणाला, "जुनी गाडी हाय काका, चालतंय तवर चालू द्या." काकांनी नवी माउंटिंग आणली आणि रविवारी सकाळीच अंगणात गाडीखाली शिरले.

मला जॅकचा दांडा धरून बसवलं. जॅक आणि इंजिन यांच्यामध्ये लाकूड हवं म्हणून त्यांनी आमचा जेवायचा पाट मागितला.

"काका, तो सणाचा पाट आहे," मीना म्हणाली.

"धुऊन देतो."

मग मला सूचना. "भार उचलायचा, इंजिन नाय. फरक समजला?"

मी हो म्हणालो. समजला नव्हता.

एक बोल्ट तासभर हलेना. काकांनी त्यावर तेल सोडलं आणि शेजारी मांडी घालून बसले. "बस तू," ते बोल्टला म्हणाले, "मला घाई नाय." शेवटी बोल्टनेच माघार घेतली. दुपारी इंजिन सुरू केलं, तर स्टिअरिंग शांत. तरी काकांचं समाधान नाही. "रस्त्यावर बघू. चल रोह्याला."

दर रविवारी ते रोह्याला जात. कंपनीतल्या मित्रांकडे जात असावेत, असं मी धरून चाललो होतो. गाडी एका बैठ्या घरासमोर थांबली. सांभाळायला ठेवलेल्या बाईने हाताला धरून एका म्हातारीला आणलं आणि मागच्या सीटवर बसवलं.

"माझी ताई," काका मला हळूच म्हणाले. "आई गेल्यावर हिनंच वाढवलं मला. आता वळखत नाय. गाडीत बसायला आवडतं, दर रविवारी हितंच फिरवतो, पण गाडी थरथरली का घाबरते. दार उघडायला बघते."

"ड्रायव्हर, कुठं नेता?" मागून आवाज आला.

"पेणला, बाई."

"बरं झालं. माझा मधू असतो तिथं. एकटाच असतो पोर."

"व्हय. ठाव हाय मला."

वडखळला गाड्यांची रांग लागली होती. आम्ही थांबलो. काकांनी आरसा वळवून मागे पाहिलं. ताई खिडकीला डोकं टेकून झोपली होती. मागचा ट्रक हॉर्न वाजवायला लागला, तशी त्यांनी काच वर घेतली.

पेणला पोहोचल्यावर तिला जाग आली. "नीट आणलंत हो," ती म्हणाली. "आता मधूला सांगा, ताई आलीय."

"सांगतो, बाई," काका म्हणाले आणि दार उघडायला उतरले.