पाणी मायनस गेलं तर

चौलच्या मोहनदादांना एका गुरुजींनी घरातून उठवून लावलं होतं. स्वतःच्याच लग्नाची पत्रिका जुळवायला बसले असताना दादांनी विचारलं, "गुण मायनसमध्ये जाऊ शकतात का?" लग्न तिथेच फिसकटलं, ते फिसकटलंच. चहात साखर किती, असं विचारलं तर म्हणतात, "शून्य. त्याखाली जाता येत नाही म्हणून."

त्यांचा तरी काय दोष? दादा घरी बसून परदेशी कंपन्यांची स्मार्ट कॉन्ट्रॅक्टं तपासतात. म्हणजे संगणकात लिहिलेले करार. अट पुरी झाली की ते आपोआप अमलात येतात आणि एकदा चालू केले की सहजी बदलता येत नाहीत. "म्हणून शंका आधी काढायच्या," दादा म्हणतात.

आमच्या खाडीतल्या होडीसेवेनं असाच करार करून घेतला. ती चालवणाऱ्या संस्थेचा मी सचिव. भरतीओहोटीची पट्टी कमी पाणी दाखवेल तेव्हा फेरी आपोआप रद्द आणि तिकिटाचे पैसे परत. या नव्या सोयीच्या उद्घाटनाच्या आदल्या दिवशी, मांडव घालून झाल्यावर, मी दादांना सहज दाखवायला बोलावलं.

"पाण्याची उंची मायनस गेली तर?"

"पाणी मायनस कसं जाईल, दादा?"

"शून्य म्हणजे तळ नाही हो. पट्टीवरची खूण. मोठ्या ओहोटीला पाणी तिच्या खाली उतरतं."

त्यांनी उणे वीस सेंटिमीटर भरून पाहिलं. करारात उंचीचा आकडा बिनचिन्हाचा ठेवला होता. उणे म्हणजे काय, हे त्याला ठाऊकच नव्हतं. त्यानं उणे विसाचा एवढा लांबलचक आकडा केला की पडद्यावर मावेना. खाली उत्तर आलं: पाणी भरपूर, होडी सोडा.

अध्यक्ष वैतागले. "मग काय, मांडव काढू आता?"

"मांडव राहू द्या. होडी चिखलात रुतली तर माणसं उतरतील कुठे?" एवढं बोलून दादा तिथेच लॅपटॉप उघडून बसले. संध्याकाळपर्यंत उंचीला चिन्ह मिळालं. प्रवाशांच्या संख्येला मात्र त्यांनी हात लावला नाही. "ती बिनचिन्हाचीच बरी. उणे माणसं होडीत बसत नाहीत."

उद्घाटनाला दादा व्यासपीठावर आले नाहीत. धक्क्याच्या पायरीवर उभे राहून पहिल्या होडीतून आलेल्या एकेकाला हात देत होते. मला वाटलं, त्यांचं कुणी येणार असेल.

"कोण येतंय, दादा?"

"कुणी नाही. मी मुंबईहून यायचो तेव्हा आई इथे उभी असायची. ती गेल्यावर इथे उतरावंसंच वाटेना."

मग त्यांनी एका म्हातारीची पिशवी धरली. "आजी, न्यायला कुणी आलंय का?"

"न्हाय रं बाबा."

"चला मग," दादा म्हणाले, "मी आलोय."